निघून जायचं, पण कुठे?

१८५२ साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात ४४ पानांचं एक पुस्तक छापून बाहेर पडलं. लेखिका मेरी अ‍ॅन शॅड, वय २८, पेशानं शिक्षिका. पुस्तकात माहितीच माहिती आहे. पश्चिम कॅनडात (म्हणजे आजच्या ऑन्टारिओत) थंडी किती पडते, माती कशी आहे, जमीन एकरी काय भावानं मिळते, जंगल तोडून शेत करायला किती खटपट पडते, कोणती पिकं येतात, मजुरी किती, शाळा-चर्च कुठे, मत द्यायचा हक्क कुणाला. पुढे वेस्ट इंडिज, मेक्सिको वगैरे पर्यायांचाही विचार आहे. हे सगळं कुणासाठी? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी. देश सोडायचा का, आणि सोडायचा तर कुठे जायचं, हे त्यांना ठरवता यावं म्हणून.

मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला एक एक्सेल शीट आठवली. आमच्या टीममध्ये अटलांटाचा एक जण आहे. कृष्णवर्णीय, चाळिशीच्या आसपासचा, दोन मुलांचा बाप. एकदा कॉलवर स्क्रीन शेअर करताना त्याच्याकडून भलतीच टॅब उघडली गेली. डावीकडे देश : घाना, पोर्तुगाल, मेक्सिको, कॅनडा. वर रकाने : व्हिसा, शाळेची फी, घरभाडं, आरोग्य विमा. शेवटच्या रकान्याचं शीर्षक होतं, ‘मुलगा रात्री एकटा चालत घरी येऊ शकतो का?’ त्यानं टॅब बंद केली आणि आम्ही बग्जकडे वळलो. महिन्याभरानं तोच त्याबद्दल बोलायला लागला, आणि मग अधूनमधून बोलत राहिला.

माझं वय एकोणतीस. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधले निम्मे तरी बाहेर आहेत, आणि शीट आम्हीही केल्या आहेत. कॅनडाचा पीआर, जर्मनीचा टॅक्स, वीकेंडला पोळ्या कोण करणार, सगळं. पण इथे राहिलो तर मुलाच्या जिवाचं काय, असा रकाना आमच्या शीटमध्ये नव्हता. राहिलो तर पगार कमी आणि ट्रॅफिक जास्त, एवढाच हिशेब. (हे सगळ्यांनाच लागू नाही. गाव का सोडलं, या प्रश्नावर ज्यांचे आजोबा पगाराचं नाव काढणार नाहीत, असे मित्र मलाही आहेत.) तेव्हा भीतीपोटी देश सोडण्याचा हिशेब कसा करतात हे मला समजून घ्यायचं होतं. वाचायला लागलो तर दोनशे वर्षांचा ऐवज निघाला.

सुरुवात मी पॉल कफीपासून धरतो. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचा हा जहाजमालक. बाप आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला, पुढे स्वतंत्र झालेला. आई वाम्पानोआग, म्हणजे तिथली मूळनिवासी. डिसेंबर १८१५ मध्ये कफीनं आपल्या ‘ट्रॅव्हलर’ जहाजावर ३८ माणसं घेतली आणि पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनकडे शीड उभारलं. ३८ पैकी मोठी माणसं १८ आणि मुलं २०. खर्चाचा मोठा भाग कफीच्या खिशातून गेला. जाणारे आपल्या मनानं निघाले होते आणि नेणारा त्यांच्यातलाच होता.

वर्षभरात चित्र पालटलं. डिसेंबर १८१६ मध्ये वॉशिंग्टनला ‘अमेरिकन कॉलनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली. हिच्यात हेन्री क्लेसारखे बडे राजकारणी होते. अध्यक्ष बुशरॉड वॉशिंग्टन, म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचा पुतण्या, सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश आणि स्वतः गुलामांचा मालक. सोसायटीचा उद्देश होता स्वतंत्र कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत वसवण्याचा. स्वतंत्र, हा शब्द पुन्हा वाचा. गुलाम जिथे आहेत तिथेच राहणार होते. सोसायटीत सगळेच लबाड होते असं नाही. गुलामगिरीचा मनापासून तिटकारा असलेले धर्मगुरूही तिच्यात होते. पण गोऱ्या देशात काळ्या माणसाला बरोबरीनं जगता येणार नाही, यावर दोन्ही गटांचं एकमत होतं.

जानेवारी १८१७ मध्ये फिलाडेल्फियातल्या बेथेल चर्चमध्ये यावर सभा भरली. सुमारे तीन हजार कृष्णवर्णीय जमले. अध्यक्षस्थानी जेम्स फोर्टन, शहरातला नावाजलेला शिडं बनवणारा कारखानदार, ज्याच्याकडे काळे-गोरे दोन्ही कामगार होते. फोर्टन कफीचा मित्र आणि त्याच्या आफ्रिकेच्या योजनेचा पाठीराखा. व्यासपीठावरच्या इतर पुढाऱ्यांचाही जाण्याला विरोध नव्हता. सभेपुढे प्रश्न ठेवला गेला. बाजूनं एकही आवाज आला नाही. विरोधात मात्र असा गजर झाला की पुढारी गप्पच झाले. सभेनं ठराव केला : ही जमीन आमच्या पूर्वजांनी कसली आहे, तिच्यावर आमचा हक्क आहे, आणि गुलामीत असलेल्या आमच्या भावंडांना मागे टाकून आम्ही जाणार नाही.

फोर्टननं नंतर कफीला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा की, लोकांना वाटतंय गुलामांच्या मालकांना आपली मालमत्ता निर्धास्त करायची आहे म्हणून त्यांना आम्ही नकोत. स्वतंत्र काळा माणूस डोळ्यांसमोर नसला की गुलामाच्या मनात वेडंवाकडं काही येणार नाही. पुढे फोर्टन म्हणतो की माझं स्वतःचं मत अजून वेगळं आहे. गोऱ्यांमधून बाहेर पडल्याशिवाय आपण एक समाज म्हणून उभे राहणार नाही. पण बहुमत विरोधात आहे, म्हणून कुणी विचारल्याशिवाय मी बोलणार नाही.

हे पत्र मी बऱ्याचदा वाचलंय. जायला हवं असं मनातून वाटणारा माणूस न जाण्याच्या ठरावाच्या बाजूला उभा राहिला. कारण ‘आम्ही जातो’ आणि ‘तुम्ही जा’ या दोन वाक्यांमधला फरक त्या तीन हजारांनी त्याच्या आधी ओळखला होता. कफी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारला.

सोसायटीचं काम थांबलं नाही. १८२० मध्ये तिचं पहिलं जहाज निघालं आणि त्यातून पुढे लायबेरिया हा देश झाला. राजधानीचं नाव मनरोव्हिया, राष्ट्राध्यक्ष जेम्स मन्रोवरून. सोसायटीनं याद्या फार व्यवस्थित ठेवल्या होत्या : कोणत्या जहाजानं कोण आलं, नाव, वय, मेलं असेल तर कशानं. डेटा इतका नीट आहे की अंगावर काटा येतो. १८२० ते १८४३ या काळात ४,५७१ जण तिथे उतरले. १८४३ च्या शिरगणतीत त्यांतले १,८१९ जिवंत सापडले. काही परतले होते, काही दुसरीकडे गेले होते, पण बरेचसे तापानं गेले होते, आणि त्यांतले कितीतरी पोचल्यावर पहिल्या वर्षातच. ते ज्यांना आपली पितृभूमी समजून गेले तिथल्या मलेरियाशी झुंजण्याची ताकद त्यांच्या शरीरात उरली नव्हती.

जे टिकले त्यांनी काय केलं, हा भाग मात्र माझ्या सहकाऱ्यालाही ठाऊक नव्हता. १८४७ मध्ये लायबेरिया स्वतंत्र झाला. सत्ता अमेरिकेतून आलेल्यांच्या हाती राहिली. त्यांनी दक्षिणेतल्या मळेवाल्यांसारखी खांबांची घरं बांधली, कोट आणि उंच हॅट घातल्या, आणि आधीपासून तिथे राहणाऱ्यांना दूर ठेवलं. स्थानिक जमातींना नागरिकत्व मिळालं थेट १९०४ मध्ये. १९३० मध्ये राष्ट्रसंघाच्या चौकशी आयोगानं उघड केलं की स्थानिक लोकांना जबरदस्तीनं पकडून फर्नांडो पो बेटावर मजुरीला पाठवलं जात होतं आणि त्यात सरकारी माणसं सामील होती. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स किंगला राजीनामा द्यावा लागला. गुलामीतून सुटलेल्यांच्या देशात! आलेल्यांच्या वंशजांची सत्ता १९८० पर्यंत चालली आणि मग सॅम्युएल डो या सार्जंटनं ती रक्तपातानं संपवली.

लायबेरियाच्या राज्यघटनेत आजही तरतूद आहे की फक्त कृष्णवर्णीय वंशाची व्यक्तीच नागरिक होऊ शकते. मनरोव्हियात पिढ्यान्‌पिढ्या दुकानं चालवणारे लेबनीज आणि भारतीय आहेत, त्यांना ती वाट बंद आहे. मूळ हेतू समजण्यासारखा होता. गोऱ्यांनी पुन्हा येऊन मालक होऊ नये. पण भीतीतून लिहिलेलं कलम भीतीचं कारण सरल्यावरही जागचं हलत नाही. जुन्या सिस्टिममधला असा कोड आम्ही कुणीच काढायला धजत नाही, तसंच काहीसं.

आता पुन्हा शॅडकडे. १८५० मध्ये अमेरिकेत पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा नवा कायदा आला. त्यात आरोपीला स्वतःच्या बाजूनं साक्ष देता येत नव्हती. निवाडा करणाऱ्या कमिशनरला माणूस गुलाम ठरवून परत पाठवला तर दहा डॉलर, सोडून दिला तर पाच. जास्त कागदपत्रं लागतात म्हणून दहा, असं समर्थन होतं. म्हणजे फिलाडेल्फियात जन्मलेला स्वतंत्र माणूसही आता निर्धास्त राहिला नाही. हजारो जण सरहद्द ओलांडून कॅनडात गेले. शॅड १८५१ मध्ये विंडसरला पोचली, तिथे तिनं शाळा काढली, मग भाऊ आला, आईवडील आले. १८५३ मध्ये तिनं ‘प्रोव्हिन्शियल फ्रीमन’ नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं. बाई संपादक म्हटल्यावर लोक बिचकतील म्हणून सुरुवातीला वर नाव एका पुरुषाचं होतं.

शॅडचा विशेष असा की ती जाणाऱ्यांची कीव करत नाही. त्यांच्यासाठी कपडे आणि पैसे गोळा करत फिरणाऱ्या भल्या लोकांवर तिचा राग होता. लोकांना भीक नको, जमिनीचा भाव सांगा, असा तिचा खाक्या. कॅनडातल्या काळ्यांसाठीच्या वेगळ्या शाळांनाही तिचा विरोध होता. म्हणजे वेगळ्या शाळा तिथेही होत्याच. १८५० च्या कायद्यानं ऑन्टारिओत त्यांना मुभा दिली होती आणि तिथली शेवटची अशी शाळा बंद व्हायला १९६५ उजाडलं. सुरक्षितता मिळाली होती, समानता नाही. शॅडनं पहिली मान्य करून दुसरीसाठी भांडण सुरू ठेवलं.

पुढची पन्नास वर्षं हा प्रश्न भरती-ओहोटीसारखा येत-जात राहिला. जन्मभर स्थलांतराला विरोध करणारे फ्रेडरिक डग्लससुद्धा एप्रिल १८६१ मध्ये मुलगी रोझेटाला घेऊन हैती बघायला निघणार होते. तेवढ्यात यादवी युद्धाला तोंड फुटलं आणि त्यांनी प्रवास रद्द केला. आता इथे काहीतरी घडू शकतं, असं त्यांना वाटलं. त्याच युद्धात लिंकननं १८६२ मध्ये पाच कृष्णवर्णीय पुरुषांना बोलावून मध्य अमेरिकेत वस्ती करण्याचा सल्ला दिला, आणि १८६३ मध्ये साडेचारशेच्या आसपास माणसं हैतीजवळच्या एका बेटावर पाठवली गेली. देवी, उपासमार आणि ठेकेदाराची फसवणूक. वर्षभरात वाचलेल्यांना जहाज पाठवून परत आणावं लागलं. १८७८ मध्ये दक्षिण कॅरोलिनातून ‘अ‍ॅझोर’ जहाज २०६ जणांना घेऊन लायबेरियाला निघालं, त्यातले २३ वाटेतच गेले. म्हणजे गुलामगिरी संपल्यावरही लोक निघत होते. कायदा बदलला होता पण रात्री दारावर येणारी माणसं तीच होती.

१९०७ मध्ये ओक्लाहोमा राज्य झालं आणि नव्या विधिमंडळानं पहिल्या कामांतच रेल्वेचे डबे वेगळे केले. १९१० मध्ये मताचा हक्कही काढून घेण्याची तजवीज झाली. तिथले कृष्णवर्णीय शेतकरी आधीच दक्षिणेतून पळून तिथवर आलेले होते. त्याच सुमारास कॅनडा पश्चिमेकडच्या मोकळ्या गवताळ प्रदेशाची जाहिरात करत होता : दहा डॉलर भरा, १६० एकर घ्या. काही कुटुंबं उत्तरेला निघाली. हजार-दीड हजार माणसं असतील फार तर. अल्बर्टात त्यांनी अ‍ॅम्बर व्हॅलीसारखी गावं वसवली. पण एवढ्यानंही कॅनडात खळबळ माजली. सरकारनं ओक्लाहोमात माणसं पाठवून थंडीची भीती घालायला लावली आणि १२ ऑगस्ट १९११ ला मंत्रिमंडळानं हुकूम काढला की वर्षभर ‘निग्रो वंशाच्या’ लोकांना प्रवेश नाही. कारण काय दिलं? त्यांना इथली हवा मानवत नाही. हुकूम प्रत्यक्षात वापरला गेला नाही आणि दोन महिन्यांत मागेही घेतला गेला. तोवर पोचायचा तो संदेश पोचलेला होता.

हाच कॅनडा आपल्याला दुसऱ्या बाजूनं माहीत आहे. १९०८ मध्ये त्यांनी नियम केला की आपल्या देशातून थेट, न थांबता आलेल्यालाच प्रवेश मिळेल. भारतातून तसं थेट जहाजच नव्हतं. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला धडकलं आणि दोन महिने बंदरात ताटकळून परत पाठवलं गेलं. भारतीयांसाठी ‘न थांबता प्रवास’ आणि कृष्णवर्णीयांसाठी ‘हवामान’. रंग हा शब्द पहिल्या नियमात कुठेच नाही. असे नियम लिहिणारा माणूस आपल्या क्षेत्रात आला असता तर त्याला चांगली नोकरी मिळाली असती.

नोकरीवरून रॉबर्ट रॉबिन्सन आठवला. मला या सगळ्या माणसांत तो सर्वांत जवळचा वाटतो, कदाचित तो यंत्रांतला माणूस म्हणून. जमैकात जन्मलेला, क्युबात वाढलेला, डेट्रॉइटमधल्या फोर्डच्या कारखान्यात टूलमेकर. त्या खात्यात तो एकटाच कृष्णवर्णीय. १९३० मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी कुशल कामगार शोधत तिथे आले. फोर्डमध्ये त्याला महिना १४० डॉलर मिळत. सोव्हिएत ऑफर २५० ची, वर राहायला फुकट घर आणि वर्षाला तीस दिवसांची भरपगारी रजा. मंदी सुरू झालेली, कधीही नारळ मिळेल अशी स्थिती. शिवाय त्याच्या एका जवळच्या मित्राचा चुलतभाऊ नुकताच लिंच झालेला, असं वातावरण. त्यानं वर्षभराच्या करारावर सही केली. आमच्या भाषेत शॉर्ट टर्म ऑनसाइट.

स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यात पोचल्यावर काही दिवसांतच त्याला दोघा गोऱ्या अमेरिकन सहकाऱ्यांनी मारहाण केली. सोव्हिएत सरकारनं त्या दोघांवर खटला भरून त्यांना देशाबाहेर काढलं. काळ्या माणसाला मारलं म्हणून गोऱ्याला शिक्षा, ही गोष्ट अमेरिकेत त्याला स्वप्नातही दिसली नसती. रॉबिन्सन रातोरात प्रसिद्ध झाला. १९३४ मध्ये त्याला न विचारता मॉस्कोच्या सोव्हिएतमध्ये निवडून दिलं गेलं आणि अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी त्याला कम्युनिस्ट ठरवलं. तो होता श्रद्धाळू ख्रिस्ती. अमेरिकन नागरिकत्व गेलं. मग स्टालिनच्या शुद्धीकरणाची वर्षं आली, ओळखीची माणसं रात्रीतून नाहीशी होऊ लागली, आणि परत जायचा अर्ज दरवर्षी नामंजूर होत राहिला. वर्षाच्या करारावर गेलेला माणूस ४४ वर्षं अडकला. १९७४ मध्ये अखेर युगांडाला सुट्टीवर जायची परवानगी मिळाली, तिथून तो परतलाच नाही. त्याला आसरा मिळाला इदी अमीनच्या युगांडात. त्याच अमीननं दोनच वर्षांपूर्वी हजारो भारतीय वंशाच्या लोकांना नेसत्या वस्त्रांनिशी हाकललं होतं. एकाच दारातून कोण आत येतो आणि कोण बाहेर पडतो, याला इतिहासात काही धरबंध नाही.

पॅरिसचा अनुभव एवढा भयंकर नव्हता, पण तोही साधा नव्हता. रिचर्ड राइट १९४७ मध्ये बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन तिथे कायमचा गेला. जेम्स बाल्डविन १९४८ मध्ये गेला, खिशात ४० डॉलर. कॅफेत कुणी हटकत नाही, घर मिळतं, मिश्र जोडप्याकडे कुणी वळून बघत नाही. पण पॅरिसलाही नकोसे झालेले लोक होतेच, ते म्हणजे अल्जेरियन. विल्यम गार्डनर स्मिथ या पॅरिसवासी कृष्णवर्णीय अमेरिकन लेखकानं १९६३ मध्ये ‘द स्टोन फेस’ ही कादंबरी लिहिली. तिचा नायक पॅरिसमध्ये सुखात असतो, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात येतं की इथल्या अल्जेरियनांच्या नजरेत आपण गोऱ्यांच्या बाजूचे आहोत. १७ ऑक्टोबर १९६१ च्या रात्री पॅरिसच्या पोलिसांनी अल्जेरियन मोर्चेकऱ्यांना मारून सीन नदीत फेकलं, ते या कादंबरीत येतं. तोंड उघडलं तर फ्रान्समधून हाकलतील, या भीतीनं तिथले बरेच अमेरिकन पाहुणे या विषयावर गप्प राहिले. त्यांना दोष देणं मला जड जातं. व्हिसावर राहणारा माणूस किती आवाज करतो ते मी माझ्या मित्रांच्या फेसबुकवर रोज बघतो.

आणि मग घाना. ६ मार्च १९५७ ला ते स्वतंत्र झालं. त्याचा नेता क्वामे नक्रुमा अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात शिकलेला. त्याला डॉक्टर, शिक्षक, तंत्रज्ञ हवे होते आणि इकडे तसे लोक तयार होते. रॉबर्ट ली आणि सारा ली हे दंतवैद्य जोडपं स्वातंत्र्याच्या आदल्याच वर्षी येऊन पोचलं होतं. माया अँजेलू आपल्या मुलाला घेऊन आली. आणि १९६१ मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी, डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस आले.

ड्युबॉइस हे नाव आपल्याला परकं नाही. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता त्याच्या प्रती मिळतील का, अस्पृश्यांच्या वतीनं तसंच काही करण्याचा विचार आहे, असं त्यात होतं. ड्युबॉइस यांनी आपुलकीनं उत्तर दिलं. त्याच्या चार वर्षं आधी, जुलै १९४२ मध्ये, नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी वेगळ्या गावांची मागणी झाली होती. ज्या गावात आपली जागा वेशीबाहेर ठरलेली आहे ते गाव सोडून आपलं गाव करायचं. बेथेल चर्चमधल्या सभेपुढचा प्रश्न आणि हा प्रश्न सख्खे नसले तरी एकाच भावकीतले आहेत.

ड्युबॉइस घानाचे नागरिक झाले आणि २७ ऑगस्ट १९६३ ला अक्रात वारले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये अडीच लाखांचा मोर्चा निघाला, तोच ज्यात मार्टिन ल्यूथर किंगचं गाजलेलं भाषण झालं. ड्युबॉइस गेल्याची बातमी मोर्च्याच्या मंचावरून सांगितली गेली. ज्या देशाला कंटाळून म्हातारा निघून गेला तो देश, काही अंशी त्यानंच केलेल्या मशागतीमुळे, त्याच दिवशी हलत होता. अडीच वर्षांनी, फेब्रुवारी १९६६ मध्ये, नक्रुमा परदेशात असताना लष्करानं त्याची सत्ता उलथवली. त्याच्या जवळच्या अमेरिकनांना निघावं लागलं. ड्युबॉइस यांची पत्नी शर्ली कैरोला गेली. डॉक्टर ली मात्र दात काढत अक्रातच राहिले, २०१० मध्ये मरेपर्यंत.

आज घाना पुन्हा बोलावतो आहे. २००० च्या कायद्यानं आफ्रिकन वंशाच्या परदेशस्थांना कायम वास्तव्याचा मार्ग खुला केला. १६१९ मध्ये व्हर्जिनियात पहिले आफ्रिकन बंदिवान उतरवले गेले, त्याला चारशे वर्षं झाली म्हणून २०१९ हे ‘परतीचं वर्ष’ जाहीर झालं. त्या वर्षी १२६ जणांना नागरिकत्व मिळालं, नोव्हेंबर २०२४ मध्ये आणखी ५२४ जणांना. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसमध्ये पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडला मारल्यानंतर अशा चौकश्या वाढल्या. माझ्या सहकाऱ्याची शीटही तेव्हाची. पण डॉलर घेऊन येणाऱ्यांमुळे अक्रात काय होतं, तेही त्यानं शीटमध्ये नोंदवलं आहे. तिथले घरमालक भाडं डॉलरमध्ये सांगतात, वर्ष-दोन वर्षांचं आगाऊ मागतात, आणि गल्लीतला माणूस भावाला भाव म्हणून परदेशीच समजतो. लायबेरियाबद्दल मी सांगितल्यावर त्यानं एक रकाना वाढवला : ‘आपल्या येण्यानं कोण हलतं?’

एकदा त्यानं मला विचारलं की या शीटमध्ये भारत टाकला तर तू काय भरशील. मी पुण्यात फ्लॅट शोधत होतो तेव्हा ब्रोकर यादी म्हणून दाखवायचे : बॅचलर नको, नॉनव्हेज नको, आफ्रिकन नको. ते मी त्याला सांगितलं. ग्रेटर नोएडात मार्च २०१७ मध्ये जमावानं नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये मारलं, तेही सांगायला लागलो, तर त्याला ते तारखेसह माहीत होतं. व्हिडिओ पाहिलेला होता. भारताची ओळ त्यानं आधीच काढून टाकली होती.

तो अजून अटलांटातच आहे. मुलगा यंदा अकरावीत गेला. शीट बंद नाही, दर सहा महिन्यांनी आकडे बदलतो म्हणाला. मला आधी वाटायचं की ही चालढकल आहे. आता वाटतं की निघायची तयारी ठेवून राहणं, हीही त्यांच्याकडची एक जुनीच रीत आहे.

शॅड कुटुंबाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. यादवी युद्धात मेरी अ‍ॅन कॅनडातून अमेरिकेत आली आणि तिनं कृष्णवर्णीय पलटणींसाठी सैनिक भरती केले. पुढे ती वॉशिंग्टनला राहिली, तिथे शिकवलं, आणि साठीला आलेली असताना, १८८३ मध्ये, कायद्याची पदवी घेतली. भाऊ आयझॅक दक्षिणेत मिसिसिपीला गेला आणि १८७० च्या दशकात तिथल्या विधानसभेचा सभापती झाला. दोन वर्षं. मग गोऱ्यांच्या हिंसाचारानं ती सत्ता मोडून काढली. वडील अब्राहम कॅनडातच राहिले, १८५९ मध्ये तिथल्या टाउनशिपच्या कौन्सिलवर निवडून आले, आणि तिथल्याच मातीत गेले. त्यांचे वंशज आजही ऑन्टारिओतल्या नॉर्थ बक्स्टनच्या आसपास आहेत. त्या गावात १९२४ पासून दर वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला, कामगार दिनाच्या सुट्टीत मेळा भरतो. गेलेल्यांचे आणि परतलेल्यांचे वंशज जमतात. डेट्रॉइटकडून गाड्या येतात, पूल किंवा बोगदा ओलांडून, पासपोर्ट दाखवून. जेवणं होतात, बेसबॉल होतो, कुणाचा पणजोबा कोणत्या बाजूला राहिला यावर वाद होतात आणि सोमवारी संध्याकाळी सगळे आपापल्या देशांत परत जातात.